आईस आणि गेस्टापो : वडाची साल पिंपळाला, की झाड एकच?

बेसमेंटवाला, एडिसन, न्यू जर्सी

मंडळी, काल आमच्या इकडे हळदीकुंकू होतं, म्हणजे बायकांचं वर आणि पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये चिवडा खात गप्पा मारत. विषय अर्थातच मिनियापोलिस. तिथे जानेवारी २०२६ मध्ये दोन अमेरिकन नागरिक फेडरल एजंटांच्या गोळीने गेले, ७ तारखेला गाडीत बसलेली एक बाई आणि २४ ला एक आयसीयू नर्स. त्यावरून एक तरुण मुलगा (इथेच जन्मलेला, कॉलेजात इतिहास घेतलाय) पटकन म्हणाला की आईस (अमेरिकेचं इमिग्रेशन पोलीस खातं) ही आता गेस्टापोच आहे, हिटलरचे गुप्त पोलीस, दुसरा शब्द नाही. त्यावर आमचे एक काका, चाळीस वर्षं इथे राहिलेले, एकदम उसळले. म्हणे गेस्टापो काय असतं ते तुला माहीत नाही, उगाच वडाची साल पिंपळाला लावू नकोस, देशाला बॉर्डर असते, कायदा असतो, जे बिनकागदाचे आहेत त्यांना न्यायलाच हवं. मुलगा म्हणाला मिनेसोटाच्या गव्हर्नर वॉल्झने पण हाच शब्द वापरलाय. काका म्हणाले तो तर उपाध्यक्षपदाला हरलेला माणूस. मग खालून भांडणाचा आवाज वर गेला आणि आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावण्यात आलं.

माझं म्हणणं असं की दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण नक्की कुठलं अर्धं ते मला झोपेपर्यंत ठरवता आलं नाही. म्हणून धागा काढतोय. तुलना करायचीच तर कशाशी? गेस्टापो, पूर्व जर्मनीची स्टासी, हैतीचे टॉन्टॉन मकूत, की आपले निजामाच्या काळातले रझाकार? आणि मुळात करावी का? शिव्या नकोत, माहिती असेल तर लिहा.

टिचकी

आला का पॉपकॉर्न धागा :) जागा पकडून ठेवते.

सातबारा, डॅलस

काका बरोबर आहेत, संपला विषय. तरी लिहितो, नंतर कोणी म्हणायला नको की दुसरी बाजू आलीच नाही. आईस ही काही ट्रम्पने काढलेली टोळी नाही, ११ सप्टेंबरनंतर होमलँड सिक्युरिटी खातं झालं त्यात मार्च २००३ मध्ये ती सुरू झाली, त्याआधी आयएनएस हे जुनं इमिग्रेशन खातं हेच काम करत होतं. ओबामाच्या काळात २०१२ या एका आर्थिक वर्षात चार लाखांच्या वर लोक परत पाठवले, तेव्हा गेस्टापो कुठे होती? मी २०१४ ची प्रायोरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) घेऊन बसलोय, दर तीन वर्षांनी फाइल, फी, वकील, बायकोचं वर्क परमिट लटकलेलं, आणि डंकी मारून, म्हणजे चोरवाटेने, आलेल्याला हात लावला की लगेच हिटलर. गेस्टापोच्या कोठडीत लोकांची नखं उपटायचे हो. इथे माणसाला हिअरिंग मिळतं, वकील मिळतो. शब्द वापरताना थोडी तरी लाज बाळगा.

वकील_नव्हे_पण

सातबारा, एकच दुरुस्ती. वकील "मिळत" नाही, वकील करता येतो, स्वतःच्या खर्चाने. इमिग्रेशन केस सिव्हिल धरतात त्यामुळे सरकारी वकिलाचा हक्क नाही. आणि ज्याला आपण इमिग्रेशन जज म्हणतो तो न्यायपालिकेतला जज नसतोच, तो न्याय खात्याचा नोकर, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलच्या हाताखालचा माणूस. तो खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाही हे ओबामाच्या वेळीही होतं, आजचं नाही.

दुसरं म्हणजे वॉरंट. आईसकडे असतं ते बहुतेक वेळा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह वॉरंट, त्यावर त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची सही. त्यावर रस्त्यात अटक करता येते पण घराचं दार फोडून आत शिरता येत नाही, त्यासाठी कोर्टाच्या जजची सही लागते, असं सगळे इतकी वर्षं धरून चालले होते. स्थलांतरितांना हक्क सांगणाऱ्या नो युवर राइट्सच्या लाल कार्डावर पण तेच छापलंय. जानेवारी २०२६ मध्ये एक अंतर्गत मेमो बाहेर आला, मे २०२५ चा, त्यात म्हटलंय की फायनल रिमूव्हल ऑर्डर (देशाबाहेर काढण्याचा अंतिम हुकूम) असेल तर खात्याच्याच कागदावर घरात जबरदस्तीने शिरता येईल. म्हणजे पकडणाऱ्यानेच सही करायची, पकडणाऱ्यानेच दार उघडायचं. माझ्या मते नाव काय द्यायचं यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

गोदाकाठ, नांदेड

वर कुणीतरी रझाकार म्हणालं म्हणून लिहितो, कारण आमच्या घरात हा शब्द पुस्तकातला नाही. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ती सांगायची की निजामाचा पोलीस आला तर निदान पाटलाकडे जाता यायचं, पाटील फौजदाराकडे जायचा, फौजदार लाच खायचा पण ऐकायचा तरी. रझाकार आले की कुणाकडे जायचं ते कळायचं नाही, कारण ते सरकार होते पण आणि नव्हते पण. दिवसा त्यांची कवायत, रात्री गावात शिरून लूट, आणि पोलीस बाजूला उभे. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आमच्याकडे अजून गल्लीतली पोरं दांडगाई करायला लागली की म्हातारी माणसं म्हणतात काय रझाकारी लावलीय.

तर निमलष्करी टोळी आणि गुप्त पोलीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या चर्चेत लोक त्यांची खिचडी करतात. गुप्त पोलीस म्हणजे फायली, खबरे, दबक्या पावलांनी. टोळी म्हणजे उघड दहशत, गल्लीतून मोर्चा, लोकांनी बघावं म्हणूनच. मिनियापोलिसचे जे व्हिडिओ मी बघितले ते मला दुसऱ्या प्रकारातले वाटले.

अजून एक लिहून टाकतो, नाहीतर कोणीतरी आठवण करून देईलच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर रझाकार संपले आणि मग मराठवाड्यासह हैदराबाद संस्थानात साध्या मुसलमानांची जी कत्तल झाली त्याबद्दल सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार असा अंदाज दिला होता. तो रिपोर्ट कित्येक दशकं दाबून ठेवला. आमच्या गावात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, ह्यावर कोणी बोलत नाही.

फुलपात्र

गोदाकाठ, आजींचं ते "सरकार होते पण आणि नव्हते पण" हे डोक्यात बसलं.

सातबारा

पण आईस सरकारच आहे ना! संसदेने पास केलेला कायदा, बजेट, पगार, पेन्शन. रझाकारांशी तुलना कशी करता?

रात्रपाळी, डब्लिन

सातबारा यांना आयर्लंडवरून उत्तर देतो, मी इथे हॉस्पिटलात काम करतो आणि इथल्या माणसांना या विषयात तुम्ही एक शब्द काढा, ते तासभर सोडत नाहीत. ब्लॅक अँड टॅन्स ऐकलंय का? १९२० मध्ये ब्रिटिशांना आयरिश पोलिसात माणसं कमी पडायला लागली म्हणून पहिल्या महायुद्धातून परतलेले बेकार सैनिक घाईघाईत भरती केले. इतकी घाई की पुरे गणवेश नव्हते, अर्धे खाकी सैन्याचे, अर्धे पोलिसांचे गडद, त्यावरूनच ते नाव पडलं. पूर्णपणे कायदेशीर, पगारी, राजाच्या नावाने शपथ घेतलेले लोक. आणि त्यांनी गावं जाळली. त्यांना पोलिसाचं ट्रेनिंग नव्हतं, आयर्लंडची माहिती नव्हती, आणि वरून संदेश असा की तुम्ही कराल ते आम्ही निभावून नेऊ.

आता बघा आईसमध्ये गेल्या वर्षी काय झालं. ४ जुलै २०२५ ला जो मोठा बजेट कायदा सही झाला त्यात आईसला चार वर्षांसाठी साधारण ७५ अब्ज डॉलर, त्यातले ४५ अब्ज फक्त डिटेन्शनसाठी. भरतीला ५० हजार डॉलरपर्यंत बोनस, वयाची अट काढली, ट्रेनिंग कमी केलं, आणि वर्षभरात मनुष्यबळ दुपटीहून जास्त केल्याचं खातं स्वतःच अभिमानाने सांगतंय. माझा मुद्दा एवढाच की टोळी बेकायदेशीर असावीच लागते असं नाही. घाईची भरती, वरून आकड्याचा तगादा आणि पाठीशी घालणारा मंत्री, एवढं पुरतं.

टिचकी

आकड्याचा तगादा म्हणजे ते रोज तीन हजार अटक वालं?

रात्रपाळी

हो. मे २०२५ मध्ये ट्रम्पचा सल्लागार स्टीफन मिलरने टीव्हीवर स्वतः सांगितलं की दिवसाला किमान ३,००० चं टार्गेट आहे. टार्गेट आलं की काय होतं हे कुठल्याही ट्रॅफिक हवालदाराला विचारा, महिनाअखेरीला सिग्नलवर कोण उभं असतं ते. गुन्हेगार शोधायला वेळ लागतो, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर कामाची वाट बघत उभे असलेले लोक लगेच सापडतात.

जुनी_वही

आकड्यांचं निघालंच आहे तर. कोटा या विषयातलं सगळ्यात भयानक उदाहरण रशियाचं. ३० जुलै १९३७ चा एनकेव्हीडीचा, म्हणजे स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा, आदेश क्रमांक ००४४७, त्यात प्रत्येक प्रांताला आकडे दिलेले, पहिल्या वर्गात इतके म्हणजे गोळी, दुसऱ्या वर्गात इतके म्हणजे छावणी. मूळ आदेशात एकूण दोन लाख ६८ हजारांच्या आसपास, त्यातले जवळजवळ ७६ हजार गोळीसाठी. आणि गंमत (गंमत कसली) अशी की प्रांतांनी स्वतःहून कोटा वाढवून मागितला. खालचा माणूस वरच्याला खूश करायला धावतो.

पण लगेच सांगते, ही तुलना मी करणार नाही. तिथे कोटा गोळ्यांचा होता, इथे अटकेचा आहे, आणि ह्या दोघांतलं अंतर पुसणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. मी इतिहास शिकवायचे, आता रिटायर्ड. मुलं कुठल्याही कडक मास्तरला हिटलर म्हणायची. शब्द इतका वापरून वापरून गुळगुळीत झाला की खरा हिटलर आला तरी नाव उरलेलं नसतं.

तरीही काकांना एक गोष्ट विचारायची आहे, आणि सातबारांनाही. तुम्ही म्हणता गेस्टापो वेगळी आणि परकीयांना बाहेर काढणं वेगळं. ऑक्टोबर १९३८ मध्ये गेस्टापोने नेमकं काय केलं माहितीये? परकीयांना बाहेर काढलं.

त्याला पोलेनआक्सियोन म्हणतात. झालं असं की त्या वर्षी मार्चमध्ये पोलंडने कायदा केला, पाच वर्षांहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांचं नागरिकत्व काढून घेता येईल असा, उद्देश उघड होता, जर्मनी-ऑस्ट्रियातले ज्यू परत येऊ नयेत. जर्मनी म्हणाला मग हे आमच्या गळ्यात पडतील, त्याआधी हाकला. २८ ऑक्टोबरच्या सुमारास दोन दिवसांत सुमारे १७ हजार पोलिश ज्यूंना घरातून उचलून गाड्यांत भरून सरहद्दीवर नेऊन सोडलं. खिशात फक्त दहा मार्क नेण्याची परवानगी. पोलंड आत घेईना, जर्मनी परत घेईना. हजारो लोक झ्बाँशिन नावाच्या सरहद्दीवरच्या गावात घोड्यांच्या तबेल्यात कित्येक महिने राहिले. यात हॅनोवरचा एक शिंपी होता, १९११ पासून तिथे राहणारा. मुलं जर्मनीत जन्मलेली. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा हर्शेल ग्रिनश्पान तेव्हा पॅरिसमध्ये काकांकडे होता, आणि तो स्वतः फ्रान्समध्ये बिनकागदाचा, देश सोडण्याची ऑर्डर हातात पडलेला. बहिणीचं पत्र मिळालं, त्याने पिस्तूल घेतलं आणि ७ नोव्हेंबरला जर्मन वकिलातीतल्या फोम राथला गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी क्रिस्टालनाख्ट, जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडली ती रात्र. ते निमित्तच हवं होतं त्यांना.

नखं उपटणारी गेस्टापो सगळ्यांना माहीत आहे. ही गेस्टापो, कागदपत्रं तपासून यादीप्रमाणे माणसं गाडीत बसवणारी, ही कुणाला आठवत नाही. आणि त्या क्षणी जर्मनीतला एखादा सभ्य काका म्हणाला असता की अहो ते पोलिश नागरिक आहेत, देशाला बॉर्डर असते, तर कायद्याने तो चूक नव्हता.

बेसमेंटवाला

बाई, हे माहीतच नव्हतं. अक्षरशः माहीत नव्हतं.

सातबारा

वाचलं. मान्य, हे मलाही माहीत नव्हतं. पण मॅडम फरक असा की पोलिश ज्यूंना ज्यू म्हणून हाकललं. इथे कोणाला धर्मावरून जातीवरून हाकलत नाहीत, स्टेटसवरून हाकलतात.

वकील_नव्हे_पण

सिद्धांत तोच आहे, हो. पण ८ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या केसमध्ये खालच्या कोर्टाची मनाई उठवली. खालचं कोर्ट म्हणत होतं की दिसतो कसा, बोलतो कुठली भाषा, उभा कुठे आहे, काम काय करतो एवढ्याच चार गोष्टींवरून कुणाला अडवू नका. जस्टिस कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहिलं की वंश एकटा पुरेसा नाही पण बाकीच्या गोष्टींबरोबर धरता येईल, आणि नागरिक असेल तर थोडक्यात चौकशी होऊन सुटेल. सातबारा, तुम्ही डॅलसमध्ये टी-शर्टवर ग्रोसरी आणायला जाता तेव्हा तुमचं स्टेटस कपाळावर लिहिलेलं असतं का? दिसतं ते काय दिसतं?

सातबारा

मी कार्ड खिशात ठेवतो. माझा एच-वन आहे, आय-९४ आहे, मला काय भीती.

टिचकी

"मला काय भीती" हे वाक्य टाईप करताना हात थोडा तरी थरथरला असेल तर सांगा :)

कोपरकर

मला सगळ्यात जास्त मास्क खटकतो. आपल्याकडे पोलीस कसेही असोत, १९९६ च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टाने पहिलीच अट घातली की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी, ती आता नव्या फौजदारी संहितेतही आहे. पाळतात किती ते सोडा, पण नियम आहे. आणि अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये बॉस्टनजवळ त्या टफ्ट्स विद्यापीठाच्या तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यात घेरलं तो व्हिडिओ आठवा, साधे कपडे, तोंडावर फडकी, ती किंचाळतेय, तिला वाटलं गुंड आहेत. गुन्हा काय तर कॉलेजच्या पेपरात चौघांनी मिळून लिहिलेला लेख. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये मास्कबंदीचा कायदा केला त्याचं नावच "नो सीक्रेट पोलीस अ‍ॅक्ट", दोन महिन्यांत केंद्र सरकार कोर्टात गेलं.

अजून एक, अर्जेंटिनात १९७६ नंतर लोकांना उचलायला हिरव्या फोर्ड फाल्कन गाड्या यायच्या, नंबरप्लेट नाही. आजही तिथे म्हाताऱ्या माणसांना ती गाडी बघवत नाही. कोण उचलतंय हे न कळणं ही त्रुटी नसते, पद्धत असते.

रात्रपाळी

+१. हैतीत टॉन्टॉन मकूत, म्हणजे हुकूमशहाची टोळी, काळा चष्मा घालायचे. त्यातल्या बहुतेकांना पगारही नव्हता, लोकांना लुबाडून भागवायचे. नाव लोककथेतल्या पोरं पळवणाऱ्या बागुलबुवाचं, गोणीवाला.

सातबारा

एजंटांचे पत्ते ऑनलाइन टाकतात, घरी धमक्या येतात, बायकापोरं आहेत त्यांना. मास्क त्याच्यासाठी आहे. हे पण लिहा की कोणीतरी.

कोपरकर

लिहिलंत की तुम्हीच. आणि ते खरंही आहे, धमक्या येतात. पण जजला धमक्या येत नाहीत का? तो तोंड झाकून निकाल देतो का? बिल्ला नंबर तरी दाखवा, नाव नको.

जुनी_वही

टफ्ट्सच्या मुलीचं उदाहरण निघालं ते बरं झालं, कारण मला वाटतं तुलना जिथे तुटते ती जागा तीच आहे. तिला २५ मार्चला पकडलं, लुइझियानाला नेलं, आणि ९ मे ला फेडरल जजने सोडायला सांगितलं, त्याच दिवशी ती बाहेर आली. जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या आपल्या भारतीय संशोधकाचंही तसंच, मार्चमध्ये आत, मे मध्ये बाहेर. सहा ते आठ आठवडे फुकट गेले, भयानकच, पण दार उघडलं.

जर्मनीत हे दार कसं बंद झालं तर एका ओळीने. १० फेब्रुवारी १९३६ चा प्रशियाचा गेस्टापो कायदा, त्यात म्हटलं की गेस्टापोच्या कामाची प्रशासकीय न्यायालयांना तपासणी करता येणार नाही. झालं. त्याआधीच शुट्झहाफ्ट होती, म्हणजे संरक्षणात्मक कोठडी, कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला कोर्टाच्या दारातच गेस्टापो उचलायची. आणि त्या कागदावर त्याच कैद्याची सही घ्यायचे.

आपल्याकडे पण दार बंद झालं होतं. २८ एप्रिल १९७६, सुप्रीम कोर्टाचा एडीएम जबलपूर निकाल. आणीबाणीत मिसाखाली आत असलेल्याला हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबल्याबद्दल कोर्टात दाद, मागता येणार नाही, चार विरुद्ध एक. न्या. खन्ना यांनी सरकारी वकिलाला विचारलं होतं की पोलिसाने वैयक्तिक रागापोटी कोणाचा जीव घेतला तरी उपाय नाही का, आणि उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. माझा मोठा भाऊ तेव्हा नाशिक रोड जेलमध्ये होता. आम्ही निकाल रेडिओवर ऐकला. आई फक्त म्हणाली, मग स्वेटर पाठवायला हवा, पावसाळ्यापर्यंत काही येत नाही तो.

फुलपात्र

😔

वकील_नव्हे_पण

जुनी वही, दार उघडं आहे हे खरं पण बिजागरी कुरकुरतेय. मार्च २०२५ मध्ये दोनशेवर व्हेनेझुएलन लोकांना, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना १७९८ च्या युद्धकाळासाठीच्या एलियन एनिमीज अ‍ॅक्टखाली एल साल्वादोरच्या सेकॉट तुरुंगात पाठवलं, जज बोसबर्ग यांनी विमानं वळवायला सांगितली, ती वळली नाहीत. चुकून पाठवलेल्या मेरीलँडच्या माणसाला परत आणायची सोय करा असं सुप्रीम कोर्टाने १० एप्रिलला सांगितलं, तो जूनमध्ये आला. आणि एजंटने तुम्हाला इजा केली तर त्याच्यावर व्यक्तिशः दावा लावणं २०२२ च्या सुप्रीम कोर्ट निकालानंतर जवळजवळ अशक्य आहे, ते ट्रम्पच्या या टर्मच्या आधीचं. म्हणून मी कोर्ट आहे का एवढंच विचारत नाही, कोर्टाचं ऐकतात का आणि किती उशिरा ऐकतात ते मोजतो.

अर्धवट_पुणेकर

मी अमेरिकेत नाही त्यामुळे बोलायचा अधिकार नाही असं म्हणाल, पण एक सांगा, इतक्या लांब जर्मनीत कशाला जायचं? अमेरिकेचा स्वतःचा इतिहास काय कमी आहे का. १८५० चा फ्युजिटिव्ह स्लेव्ह अ‍ॅक्ट बघा. पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला पकडायला फेडरल मार्शल, ज्याला पकडलं त्याला स्वतःची साक्ष देता येत नाही, ज्युरी नाही, एक कमिशनर निकाल देणार. आणि त्या कमिशनरची फी अशी : माणूस मालकाला परत दिला तर १० डॉलर, सोडला तर ५. कारण काय तर कागदपत्रं जास्त करावी लागतात! बोनस वाचला की मला ते दहा आणि पाच आठवतात. रस्त्यावरच्या माणसालाही मदतीचा हुकूम, आणि कोणी अडथळा आणला किंवा गुलामाला लपवलं तर त्याला शिक्षा. बॉस्टनमध्ये तेव्हाही लोक आतासारखे शिट्ट्या-घंटा घेऊन रस्त्यावर आले होते का माहीत नाही पण रस्त्यावर आले होते नक्की, १८५४ मध्ये एका माणसाला परत न्यायला सैन्य लावावं लागलं.

आणि भारतीयांना तर १९२३ माहीत असायला हवं. भगतसिंग थिंद केस, सुप्रीम कोर्ट म्हणालं भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि मग आधी नागरिक झालेल्यांचंही नागरिकत्व काढायला लागले. सगळं कायदेशीर. स्टेटस होतं, काढून घेतलं. सातबारा काका, कार्ड खिशात ठेवा पण.

सातबारा

मी काका नाही, ४१ वर्षांचा आहे.

आणि पुणेकर, तुमच्याकडे काय चाललंय ते पण सांगा ना मग. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यातून बंगाली मजुरांना बांगलादेशी म्हणून उचललं आणि सरहद्दीपलीकडे ढकललं, त्यातले काही मुर्शिदाबादचे भारतीय निघाले, बंगाल सरकारने धावपळ करून परत आणले. कुठलं हिअरिंग, कुठला जज? तेव्हा किती धागे निघाले इथे?

अर्धवट_पुणेकर

एकही नाही. तुम्ही बरोबर आहात.

गोदाकाठ

सातबारांनी हे फार मोलाचं लिहिलं. आपल्याकडे परकीय नाही हे सिद्ध करायची जबाबदारीच त्या माणसावर असते, १९४६ च्या कायद्यापासून, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही. आसामात २०१९ च्या यादीतून १९ लाख लोक बाहेर राहिले. गवंडीकाम करणाऱ्याकडे आजोबाचा कागद कुठून येणार. आमच्या साइटवर मालदाचे लोक आहेत, सुट्टीत गावाला निघाले की आधार, मतदान कार्ड, शाळेचा दाखला सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधतात.

टिचकी

म्हणजे आता गेस्टापो, आईस, आणि मुंबई पोलीस. बेसमेंटवाले, तुमचा धागा कुठे गेला बघा.

जुनी_वही

बरोबर जागी गेलाय. एक राहिलं, चुगली. गेस्टापोकडे ऐन भरात असतानाही सगळी मिळून तीस-बत्तीस हजार माणसं होती, आठ कोटींच्या देशाला. ती सर्वव्यापी वाटायची कारण शेजारी चिठ्ठ्या टाकायचे. व्यूर्त्सबुर्ग शहरातल्या गेस्टापोच्या फायली वाचणाऱ्यांना सापडलं की ढीगभर केसेस नागरिकांच्या तक्रारींवरून सुरू झाल्या, आणि त्यातल्या कित्येकांत राजकारण नव्हतंच, भाडं, जमीन, नवऱ्याचं लफडं. स्टासीने तेच पद्धतशीर केलं, १९८९ मध्ये ९१ हजार पगारी लोक आणि वर पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे, देश फक्त दीड-पावणेदोन कोटींचा. १९९२ पासून लोकांना आपापली फाइल वाचता आली आणि काहींना कळलं की आपल्यावर घरचंच माणूस लिहीत होतं.

आईसची टिप लाइन आहे, फोन नंबर आहे. मला एजंटांपेक्षा त्या फोनवर बोलणाऱ्यांची जास्त उत्सुकता आहे.

फुलपात्र, शिकागो परिसर

हे वाचून एक सांगावंसं वाटलं, इतके दिवस कुठे बोलले नाही. आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई यायच्या, गुजरातच्या, कागद नाहीत, सतरा वर्षं इथे. २०२५ च्या शरद ऋतूत शिकागोत धाडी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी येणं बंद केलं. नंतर कळलं की कुणीतरी फोन केला होता, आणि त्यांना पक्की खात्री आहे की आपल्यापैकीच कुणीतरी, कारण त्यांचं पूर्ण नाव बाहेर कुणाला माहीतच नव्हतं, गोऱ्या शेजाऱ्यांना तर त्या "मिसेस पी" एवढ्याच माहीत. पोळीमागे पंचवीस सेंट वाढवले होते त्यांनी उन्हाळ्यात, त्यावरून दोघी-तिघी चिडल्या होत्या. एवढंच. पुढे काय झालं मी लिहिणार नाही.

सातबारा

बापरे.

रात्रपाळी

पंचवीस सेंट.

बेसमेंटवाला

दोन दिवस कामात होतो, आत्ता सगळं वाचलं. फुलपात्र, काय लिहू कळत नाही.

माझ्यापुरतं सांगतो. त्या मुलाला मी सांगणार आहे की बाबा रे गेस्टापो म्हणू नकोस, खोटं आहे म्हणून नव्हे, तर तो शब्द उच्चारला की समोरचा लगेच छळछावणीचा फोटो काढून दाखवतो आणि म्हणतो बघ तसं आहे का, नाही ना, मग गप्प बस. म्हणजे त्याची सुटका तूच करतोस. त्यापेक्षा विचार, सही कुणाची आहे, तोंड का झाकलंय, जजने सोड म्हटल्यावर किती दिवसांनी सोडलं. याची उत्तरं काकांना द्यावी लागतील. आणि काकांना पोलेनआक्सियोनचं सांगणार आहे, शिंप्याचं. काका स्वतः १९८६ मध्ये व्हिजा संपल्यावर चार महिने "असेच" राहिले होते, ॲम्नेस्टीच्या (बिनकागदाच्या लोकांना सरकारी माफी) गडबडीत काहीतरी जमलं, हे त्यांनीच मला एकदा दोन पेग झाल्यावर सांगितलं होतं. ते आठवण करून द्यायचं की नाही हे ठरवलेलं नाही.

आणि हो, ५ फेब्रुवारी २०२५ ला परत पाठवलेल्या भारतीयांचं ते सैनिकी विमान अमृतसरला उतरलं, १०४ लोक, हातात बेड्या पायात साखळ्या, त्यात तिघं महाराष्ट्राचे होते. ते तिघं कोण, कुठल्या गावचे, मंडळात कुणीच विचारलं नव्हतं. मी पण नाही.

फुलपात्र

एक व्यवहारातला प्रश्न. आई एप्रिलमध्ये येतेय, व्हिजिटर व्हिजावर, रोज सकाळी एकटी चालायला जाते, इंग्रजी मोजकंच. तिच्याजवळ काय देऊन ठेवू? मूळ पासपोर्ट देऊ का? हरवला तर?

वकील_नव्हे_पण

अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवावा असा कायदा आहे, व्हिजिटरसाठी तो म्हणजे आय-९४, देशात शिरल्याची नोंद. त्याची प्रिंट काढा, पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिजाची रंगीत झेरॉक्स, मूळ पासपोर्ट घरी, तुमचा नंबर मोठ्या अक्षरात. लॅमिनेट करा, पदराला किंवा पर्सला अडकेल असं. आणि त्यांना सांगा की घाबरून पळायचं नाही, उभं राहायचं आणि कार्ड दाखवायचं. हा वकिली सल्ला नाही, नावात आहेच.

सातबारा

माझी आई पण मे मध्ये येतेय. ते लॅमिनेशन कुठे करता तुम्ही लोक?

टिचकी

लायब्ररीत होतं स्वस्तात.

बेसमेंटवाला

पाडव्याची कामं आली मंडळाकडून. श्रीखंड, चाळीस जणांचं, जोडीला कोण तर तेच काका. दोन रात्री चक्का टांगायचाय त्यांच्या गॅरेजमध्ये. काय बोलणं झालं ते कळवतो.